खाली, सावकाश, तेलाच्या जोरावर

१ जानेवारी १९५८ पासून कॅलिफोर्निया राज्यात वाहतुकीचा एक नवा नियम लागू झाला. कुणी आपल्या मोटारीची मूळ घडण बदलली आणि त्यामुळे चाकं सोडून गाडीचा एखादा भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षाही खाली आला, तर ती गाडी रस्त्यावर आणायला बंदी. आपल्याकडच्या माणसाला हा नियम वाचून कोडंच पडेल. गाडी घेताना आपण आधी विचारतो, ती खालून किती उंच आहे. औंढ्याहून जिंतूरकडे किंवा हिंगोलीहून सेनगावकडे जाताना गतिरोधकावर गाडीचा तळ घासला की आत बसलेल्यांच्या पोटात कालवतं. आणि तिकडे माणसं हौसेनं, पदरचे पैसे घालून, गाडी रस्त्याला टेकवत होती; इतकी टेकवत होती की सरकारला कायदा करावा लागला.

ही माणसं म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकी नागरिक. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात त्यांची मोठी वस्ती होती. कारखान्यात, मळ्यात, गॅरेजमध्ये राबणारी घरं. नवी गाडी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर, पण वापरून झालेली शेवरोले मिळायची. त्याच काळात गोऱ्या तरुणांना वेगाचं वेड लागलं होतं. जुन्या गाडीला दांडगं इंजिन बसवायचं, मागची बाजू उचलायची आणि शर्यत लावायची. अशा गाडीला 'हॉट रॉड' म्हणत. मेक्सिकन मुलांनी सगळं उलटं केलं. गाडी उचलायच्या ऐवजी खाली आणली. त्यासाठी स्प्रिंगा कापल्या, डिकीत वाळूची पोती टाकली. पळवायच्या ऐवजी माणसाच्या चालीनं चालवली. रविवारी संध्याकाळी व्हिटियर बुलव्हार्डवर, काचा खाली करून, गाणी लावून, ओळखीच्यांना हात करत ती गाडी जाणार. 'बाहितो इ सुआवेसितो' हे त्यांचं ब्रीद. खाली, आणि हळुवार. या गाड्यांना नाव पडलं 'लोरायडर'.

मला या निवडीचं फार कौतुक वाटतं. आजूबाजूचा सगळा देश वेगाच्या मागे लागलेला असताना, ज्यांच्याकडे सत्ता नाही, पैसा नाही, त्यांनी सावकाशीला देखणेपण दिलं. पळणाऱ्या गाडीकडे कुणी नीट पाहू शकत नाही. हळू जाणारी गाडी सगळा रस्ता पाहतो.

कायदा आला तेव्हा त्यांच्यापुढे दोनच वाटा दिसत होत्या. गाडी उंच करायची किंवा दंड भरत राहायचं. सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगीरेनं १९५९ मध्ये तिसरी वाट काढली. आपल्या कॉर्व्हेटमध्ये त्यानं हायड्रॉलिक बसवलं. पंप, सिलिंडर आणि चालकाच्या हाताशी बटण. मोकळ्या रस्त्यावर गाडी खाली बसलेली. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी आपोआप वर. पोलिसानं रिमची कड मोजली तरी ती नियमात. पोलीस गेला की गाडी पुन्हा खाली. कायद्यानं उंची ठरवून दिली होती, पण उंची बदलती असू शकते हे कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

इथे मला एक दुसरी गाडी आठवते आणि ती हिंगोलीच्या इतिहासाला जवळची आहे. हिंगोली १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होती. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट मागवली होती. १९११ मध्ये ते वारले आणि गाडी त्यांच्या मुलाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत हैदराबादेत पोचली. रंग पिवळा. मागचं आसन सिंहासनासारखं उंच बसवलेलं, म्हणून तिचं नावच सिंहासन-गाडी. ती जेमतेम काहीशे मैल चालली. तिचं काम प्रवासाचं नव्हतंच, मिरवणुकीचं होतं. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. तिचा वेगही माणसाच्या चालीचाच. ती मिरवणुकीत आणि लोरायडर रविवारच्या फेरफटक्यात, दोन्ही गाड्या माणसांनी बघावं म्हणूनच हळू. पण राजानं आसन वर नेलं आणि मजुराच्या मुलानं गाडी खाली आणली. दोघांनी एकाच हेतूनं उलट्या दिशा धरल्या, ही गोष्ट मला सिंहासनापेक्षा जास्त मोलाची वाटते.

आता त्या बटणामागे काय होतं ते पाहू. त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. उन्हाळ्यात वसमत, कळमनुरी, औंढा भागातल्या कोणत्याही आखाड्यावर उभं राहिलं तरी चालेल. शेणखत भरलेली हायड्रॉलिक ट्रॉली येते, ट्रॅक्टरवाला मागं-पुढं करून जागा धरतो, लिव्हर ओढतो आणि ट्रॉलीचं तोंड आभाळाकडे जायला लागतं. मागचा फाळका मोकळा केलेला असतो. चार-पाच टन माल घसरून खाली येतो. मुरूम, वाळू, शिजवायला न्यायची ओली हळद, काहीही असो. पूर्वी ज्या कामाला चार माणसं फावडी घेऊन तासभर लागायची ते एका लिव्हरनं होतं. आपल्याला आता याची सवय झाली आहे, म्हणून त्याच्याकडे कुणी मान वळवून पाहत नाही. पण त्या जॅकमध्ये जे घडतं ते अजूनही थक्क करणारं आहे.

ब्लेझ पास्कल या फ्रेंच माणसानं सतराव्या शतकात सांगितलं, की बंद भांड्यातल्या द्रवाला एका जागी दाब दिला तर तो दाब द्रवात सगळीकडे सारखाच पोचतो. 'सारखाच' या शब्दात सगळी जादू आहे. समजा पंपानं तेलाला दर चौरस सेंटिमीटरवर १५० किलो वजनाएवढा दाब दिला. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये एवढा दाब सहज असतो. हे तेल रबरी नळीतून ट्रॉलीच्या जॅकमध्ये गेलं. जॅकच्या दांड्याचा व्यास १० सेंटिमीटर धरला तर त्याचा तळ साधारण ७८ चौरस सेंटिमीटर भरतो. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १५० किलो, म्हणजे एकूण जोर साडेअकरा हजार किलोंच्या वर. बोटाएवढ्या जाडीच्या नळीतून आलेलं तेल अकरा टनांचा रेटा देतं. नळीत जोर साठलेला नसतो. नळीत फक्त दाब असतो, आणि तो दाब ज्या क्षेत्रावर पडेल त्या हिशेबानं जोर उभा राहतो.

अर्थात यात फुकट काहीच मिळत नाही. जाड दांडा वर सरकायचा तर त्याखालची जागा भरायला तेलही तितकंच जास्त लागतं, आणि पंप एका सेकंदात ठरावीकच तेल देऊ शकतो. म्हणून ट्रॉली सावकाश उठते. जाड सिलिंडरात ताकद मिळते आणि वेळ जातो. बारीक सिलिंडरात ताकद कमी, पण दांडा झपकन बाहेर येतो. लोरायडरवाल्यांनी नेमका हा दुसरा पर्याय धरला. गाडीच्या एका चाकावर फार तर चार-पाचशे किलो येतात, त्यासाठी अकरा टन जोर लागत नाही. त्यांना हवी होती चपळाई.

सुरुवातीला त्यांनी लढाऊ विमानांच्या भंगारातले पंप आणि सिलिंडर आणले. युद्ध संपल्यावर अशा सामानाचे ढीग कॅलिफोर्नियात पडलेले होते. नंतर मालट्रकच्या मागच्या फाळक्याला उचलणारे पंप त्यांच्या हाती लागले. ट्रकचा माल चढवायला-उतरवायला जे यंत्र बनवलं होतं ते त्यांनी गाडीच्या डिकीत बसवलं आणि चार चाकांशी चार सिलिंडर जोडले. म्हणजे लोरायडरचं पोट आणि आपल्या ट्रॉलीचं पोट एकाच घराण्यातलं. एकानं ते ओझं टाकायला वापरलं, दुसऱ्यानं मिरवायला. फरक एवढाच, की ट्रॅक्टरचा पंप इंजिनवर फिरतो आणि लोरायडरचा विजेच्या मोटरवर. १२ व्होल्टच्या एका बॅटरीवर हवा तो वेग येईना, तेव्हा त्यांनी सहा-सहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ७२ व्होल्ट मोटरला दिले. मोटर हे काही क्षणच सोसते, पण काही क्षणच पुरतात. डिकीत पंचवीस-तीस किलोंच्या बॅटऱ्यांची रांग, चकचकीत पॉलिश केलेले पंप, तांब्याच्या किंवा क्रोमच्या नळ्या. हौशी मंडळी डिकी उघडून हे सगळं अभिमानानं दाखवतात. शेजारी आरसे लावतात, म्हणजे पंपाची मागची बाजूही दिसावी. लपवायचं यंत्र त्यांनी देव्हाऱ्यासारखं मांडलं.

पोलिसाला चकवायला आलेलं बटण पुढे नाचायला लागलं, आणि या कथेतला माझा सगळ्यात आवडता भाग इथे सुरू होतो. लोरायडरच्या स्पर्धांमध्ये गाडीचा पुढचा भाग जागच्या जागी उड्या मारतो. शेजारी इंचांच्या खुणा केलेली उंच पट्टी उभी असते आणि पुढची चाकं किती वर गेली ते मोजतात. आज चांगल्या गाड्यांची चाकं दोन मीटरच्याही वर जातात. दीड टनाच्या वर वजनाची पोलादी गाडी, मागच्या चाकांवर जवळजवळ उभी! पण एका फटक्यात एवढी उंची येत नाही. पहिल्या फटक्याला गाडी वीतभर उडते. ती खाली येते, स्प्रिंग दबते, आणि नेमक्या त्या क्षणी चालक पुन्हा बटण दाबतो. दुसरी उडी पहिलीपेक्षा मोठी. तिसरी त्याहून मोठी. बटण अर्धा सेकंद आधी किंवा नंतर दाबलं तर सगळी मेहनत वाया, गाडी धप्पकन बसते.

पंचमीला लिंबाच्या फांदीला बांधलेला झोका ज्यानं दिला आहे त्याला हे शिकवावं लागत नाही. झोका परत येऊन क्षणभर थांबतो, तेव्हाच धक्का द्यायचा. लहान पोरगीसुद्धा मोठ्या बाईला आभाळाला भिडवू शकते, कारण जोर लहान असला तरी तो लयीत पडतो. प्रत्येक झोक्याची स्वतःची लय असते. चार मीटर दोराचा झोका एक फेरी पुरी करायला चार सेकंद घेतो, वर बसलेलं माणूस हलकं असो की भारी. तसंच गाडीचं. स्प्रिंगवर टेकलेल्या गाडीची आपली एक लय असते, साधारण सेकंदाला एक-दोन हेलकाव्यांची. बटणावरचं बोट त्या लयीत चाललं की प्रत्येक फटका आधीच्या फटक्यात मिळत जातो. उत्तम चालक गाडीबाहेर उभा राहून, लांब वायरीला जोडलेलं बटण हातात धरून हे करतो. त्याचं लक्ष पुढच्या चाकांवर असतं आणि कान स्प्रिंगच्या आवाजावर.

एवढे दणके सोसायला गाडीही तशीच लागते. लोरायडरवाल्यांची लाडकी गाडी म्हणजे शेवरोले इम्पाला, त्यातही १९५८ ते १९६४ ची. त्या वर्षांत इम्पालाची चासी इंग्रजी 'एक्स' अक्षरासारखी होती. बाजूंना लांब पट्ट्या नाहीत, मधोमध फुली. त्यामुळे गाडीची बैठक मुळातच खाली होती आणि खाली आणायला आणखी जागा मिळायची. मात्र फुलीची ती चासी उड्यांच्या पिळानं फाटते, म्हणून तिला आतून-बाहेरून पोलादी पट्ट्या वेल्ड करून मजबूत करावं लागतं. बाहेरून दिसणारी नक्षी आणि आतलं वेल्डिंग, दोन्हीला तितकेच महिने लागतात. पाहणारे नक्षीचं कौतुक करतात, जाणकार आधी वाकून खाली बघतात.

नक्षीबद्दल मात्र थांबून बोललंच पाहिजे. या गाड्यांचा रंग एकावर एक पातळ थरांत चढवतात. खाली सोनेरी किंवा चंदेरी थर, त्यात धातूचे बारीक चकाकणारे कण, वर पारदर्शक लाल किंवा जांभळे हात. ऊन पडलं की प्रकाश वरचे थर भेदून खाली जातो, कणांवर आपटून रंग घेऊन परत येतो. म्हणून तो रंग पृष्ठभागावर नसून आत खोल कुठेतरी आहे असं वाटतं. या कलेतली सगळ्यात गाजलेली गाडी म्हणजे हेसूस उर्फ जेसी वालादेझ यांची 'जिप्सी रोझ'. १९६४ ची इम्पाला, अंगभर गुलाबी छटा आणि त्यावर हातानं रंगवलेली गुलाबाची फुलं. आत गुलाबी मखमल, छताला झुंबर. पूर्व लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर वाढलेली ही गाडी २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत मांडली गेली आणि अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचं नाव चढलं.

दुसरी गाडी न्यू मेक्सिकोतल्या चिमायो गावची. डेव्हिड हारामियो या तरुणानं १९६९ च्या फोर्ड एलटीडीवर काम सुरू केलं आणि १९७८ मध्ये, गाडी पुरी व्हायच्या आत, तो अपघातात गेला. बायकोनं आणि नातलगांनी ती त्याच्या मनात होती तशी पुरी केली. तिच्यावर त्यांनी त्या कुटुंबाचं चित्रही रंगवून घेतलं. 'डेव्हज ड्रीम' नावाची ती गाडी स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयानं घेतली. देशाच्या संग्रहालयात राष्ट्राध्यक्षांच्या वस्तूंच्या शेजारी एका डोंगरी गावच्या पोराची गाडी आहे, आणि ती तिथे शोभते.

आपल्या मातीत ही हौस नाही असं नाही. दसऱ्याला हिंगोलीत ट्रॅक्टर धुऊन, हार घालून उभे असतात तेव्हा ट्रॉल्यांच्या फाळक्यांकडे पाहावं. मोर, कमळ, पोरांची नावं, देवाची नावं, कडेला लाल-पिवळी वेलबुट्टी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं छत आठवा. ती प्रीमियर पद्मिनी बाहेरून काळी-पिवळी असायलाच हवी होती, तिथे चालकाला मोकळीक नव्हती. मग त्यानं हौस आत नेली. छताला फुलाफुलांचं रेक्झिन, आरशाला माळ, डॅशबोर्डवर निळा दिवा. २०१५ मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमानं तरुण चित्रकारांना त्या छतांसाठी आणि आसनांसाठी कापड रेखाटायला लावलं आणि टॅक्सीचं पोट कलादालन होऊन गेलं.

पद्मिनी ही महाराष्ट्राची गाडी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० चा जो अवतार बनायला लागला, त्याचं पुढे १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी' असं नाव झालं. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. टॅक्सीच्या वयाची वीस वर्षांची मर्यादा भरली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. त्यावेळी मुंबईकर हळहळले. काही हौशी मंडळींनी पद्मिन्या जपल्या आहेत. काही जण त्यांच्या स्प्रिंगा बदलून, चाकं रुंद करून त्यांना खालीही बसवतात. गोल डोळ्यांची, शेपटीकडे किंचित पंख काढलेली ती गाडी जमिनीलगत बसली की खरोखर सुंदर दिसते.

पण इथे कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकानं दिलेल्या मूळ घडणीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट शब्दांत सांगितलं. सुरक्षेच्या दृष्टीनं ते समजण्यासारखं आहे. कुणीही उठून चासी कापायला लागला तर रस्त्यावर जीव जातील. दुसरा नियम जुलै २०२१ चा, जुन्या गाड्यांसाठी. पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणाला ५,००० रुपये. हिंगोलीच्या गाडीवर एरवी एमएच-३८ असतं, पण व्हिंटेज ठरली की एमएचच्या पुढे 'व्हीए' ही अक्षरं येतात. अट मात्र अशी, की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा.

जुनी वस्तू जशी होती तशी जपावी, हा विचार चांगलाच आहे. पण 'जशी होती तशी' म्हणजे कधीची? निजामाची सिल्व्हर घोस्ट कंपनीतून आली तेव्हा ती चासी आणि इंजिन एवढीच होती. त्या काळात रोल्स-रॉइस बॉडी बनवतच नसे. बॉडी गिऱ्हाइकाच्या मर्जीनुसार बार्करसारखे कारागीर घडवत. राजाच्या हौशीनं झालेला बदल मूळ ठरला. 'जिप्सी रोझ' तर तिच्या बदलांसाठीच राष्ट्रीय नोंदवहीत गेली. कारखान्यातून आलेली साधी इम्पाला म्हणून तिला कुणी तिथे नेलं नसतं. माझ्या मते पन्नास वर्षांपूर्वी कुशल हातांनी केलेला बदल हाही इतिहासच आहे, आणि तपासणी करून, वेगाची नि वापराची मर्यादा घालून, अशा गाड्यांना नोंदणीत एक जागा द्यायला हवी. कॅलिफोर्नियानं स्वतःचा नियम अखेर मागे घेतला. गाडी खाली आणण्यावरची आणि सावकाश फेरफटका मारण्यावरची बंदी तिथे १ जानेवारी २०२४ पासून उठली. नियम लागू झाला त्या दिवसापासून मोजली तर बरोबर ६६ वर्षं लागली.

आता हिंगोली जिल्ह्याकडे परत येऊ, कारण दाब आणि लय यांची दुसरी बाजू इथेच उभी राहायची आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. केंद्रानं तिला २०१६ च्या फेब्रुवारीत तत्त्वतः आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये अंतिम मंजुरी दिली; खर्च २,६०० कोटी रुपये. पुण्याची आयुका ही संस्था तिच्यात पहिल्यापासून आहे. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीचे दोन हात, त्यातून लेसरचा किरण जाणार-येणार आणि टोकांवर टांगलेल्या आरशांमधलं अंतर मोजणार. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेत, हॅनफर्डला आणि लिव्हिंगस्टनला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी कृष्णविवरांच्या टकरीतून आलेली लहर पहिल्यांदा टिपली. त्यांना मोजावी लागणारी हालचाल प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाएवढी. इतकं मोजायचं, तर आरसा हलता कामा नये. आणि जमीन तर कायम हलत असते. रस्त्यावरचा ट्रक, दूरचा समुद्र, वारा, सगळं तिला हलवतं.

आरसा स्थिर कसा ठेवायचा? टांगून! पुन्हा तोच झोका. झोक्याला त्याच्या लयीत ढकललं की तो वर जातो, हे आपण पाहिलं. पण झोक्याचा दोर जिथे बांधला आहे ती फांदी त्या लयीपेक्षा दहापट झपाट्यानं हलवली, तर खालची फळी जवळपास जागेवरच राहते. फांदीच्या हालचालीचा शंभरावा भाग तिच्यापर्यंत पोचतो. एका झोक्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा, मग चौथा बांधला, तर हिशेबानं ती हालचाल शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा कोटी पटींनी कमी होते. लायगोचे ४० किलोंचे आरसे असेच चार पायऱ्यांवर टांगलेले आहेत. सगळ्यात खालचे दोर काचेचे, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. लोरायडरचा चालक लय शोधून तिच्यावर फटका मारतो. लायगोवाले तीच लय ओळखून जमिनीच्या हादऱ्यांना तिच्यापासून दूर ठेवतात. गणित एकच, उत्तराची दिशा वेगळी.

आणि या झोक्यांच्याही बाहेर, सगळा डोलारा ज्यावर उभा आहे तिथे, लायगोच्या अमेरिकेतल्या यंत्रात हायड्रॉलिक आहे. झोका झपाट्याच्या हादऱ्यांना अडवतो, पण अगदी संथ हालचालींपुढे तो काही करू शकत नाही. फांदी सावकाश सरकली तर फळीही तिच्याबरोबर सरकते. चंद्राच्या ओढीनं समुद्रासारखी जमीनही फुगते आणि ओसरते, आणि चार किलोमीटरांच्या हातात तो फरक मिलिमीटरच्या काही अंशांएवढा भरतो. तेवढं अंतर द्रवाच्या दाबानं चालणारे सिलिंडर रात्रंदिवस, कुणाला कळू न देता, भरून काढतात. लोरायडरमध्ये तेल धडाडून जातं. इथे द्रव इतक्या संथपणे वाहवायचा असतो की नळीत एकही भोवरा उठू नये, कारण भोवऱ्याची थरथरसुद्धा आरशाला जाणवेल.

हे हायड्रॉलिक आधी लिव्हिंगस्टनला बसलं. ती वेधशाळा लुइझियाना राज्यातल्या पाइनच्या जंगलात आहे. दिवसा आसपास लाकूडतोड चालायची, झाडं कोसळायची, ओंडक्यांचे ट्रक आणि रेल्वेगाड्या जायच्या आणि जमीन एवढी हलायची की किरण जागेवर धरून ठेवणं अशक्य व्हायचं. म्हणून यंत्र बहुतेक रात्रीच चालवावं लागे. २००४ मध्ये ते सिलिंडर, आरसे ज्यांत टांगलेले असतात त्या टाक्यांखाली आले, आणि त्यानंतर जंगलात लाकूडतोड चालू असतानाही लिव्हिंगस्टनला दिवसा काम करता येऊ लागलं.